उजवा हात मोडलाय. क्लेम स्वतः चालवू की वकील लावू?

सुईदोरा (पंढरपूर)

नमस्कार. मी ब्लाउज आणि ड्रेस शिवते, आरी वर्कही करते. वय ३८. दिवाळीनंतर मिस्टरांच्या मागे स्कूटरवर बसून मोहोळ रोडने घरी येत होते. समोरून दुधाचे कॅन घेऊन येणारा पिकअप पेट्रोल पंपात शिरायला एकदम आमच्या आडवा वळला. मिस्टरांचं खरचटण्यावर भागलं, माझ्या उजव्या मनगटाची दोन्ही हाडं मोडली. आत प्लेट आहे. बोटं वळतात, पण जाड कापडावर कात्री चालवली की थोड्या वेळात हात सोडून द्यावा लागतो. आरीची सुई तर फिरतच नाही. सध्या फक्त फॉल-पिको घेते, तेही नणंद मदतीला बसते म्हणून.

बिल १ लाख ४६ हजार झालं. आम्ही स्वतः हप्ते भरलेली मेडिक्लेम होती, त्यातून १ लाख १० हजार मिळाले. पोलिसांत पिकअपवाल्यावर गुन्हा नोंद आहे, दोषारोपपत्र अजून गेलेलं नाही.

आता माझ्याभोवती तीन सल्लागार आहेत. एक, दवाखान्यात मी ड्रिपवर असतानाच वकिलांचा माणूस म्हणून आलेला. कोरं वकीलपत्र पुढे केलं, म्हणाला सही करा, आत्ता एक रुपया नको, निकालानंतर २५ टक्के. मी सही केली नाही. दुसरा, विमा कंपनीकडून आलोय म्हणणारा. तो म्हणतो ६० हजारांत मिटवा. मेडिक्लेमने दिलेले पैसे पुन्हा मागता येत नाहीत, आणि स्कूटर चालवताना तुमच्या मिस्टरांची निम्मी चूक होती, म्हणून निम्मेच मिळणार. तिसरा आमचा भाचा, इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, मामी, कायद्यात स्वतः उभं राहायला बंदी नाही, अर्ज मी लिहून देतो, वकिलाला पैसे कशाला?

महिन्याला सरासरी १५ हजार सुटायचे, लग्नसराईत जास्त. इन्कम टॅक्सचं रिटर्न कधी भरलेलं नाही. आमचे डॉक्टर तोंडी म्हणतात की २२ टक्के अपंगत्व लिहून देतो. कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. मला कोर्टाची भीती नाही, पण उगाच शहाणपणा करून हातचं घालवायचं नाही.

खडूफळा (धाराशिव)

ताई, भाच्याचं बरोबर आहे. मी स्वतः चालवला आहे. वळण घेणाऱ्या रिक्षाने माझ्या मोटारसायकलला ठोकलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. ऑपरेशन नाही, नुसती पट्टी. बिल ३८ हजार. मी विनाअनुदानित शाळेत, त्यामुळे रजा म्हणजे बिनपगारी. दोन वकिलांकडे गेलो. एकाने प्रकरण छोटं म्हणून टाळलं, दुसऱ्याने सांगितलेली फी ऐकून मीच उठलो.

अर्ज मराठीत लिहिला. जिल्हा न्यायालयात मराठी चालते, इंग्रजीचा बाऊ करू नका. पोलीस ठाण्यातून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि दवाखान्याचं इंज्युरी सर्टिफिकेट यांच्या नकला घेतल्या. रिक्षाच्या नंबरवरून विमा कोणत्या कंपनीचा ते एमपरिवहन ॲपवर निघालं. रिक्षामालक, चालक आणि विमा कंपनी या तिघांनाही सामनेवाले करायचं असतं.

मग विमा कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली आणि मला घाम फुटला. अपघात झालाच नाही. झाला असल्यास त्यात रिक्षा नव्हती. रिक्षा असल्यास चालकाचा दोष नव्हता. दोष असल्यास अर्जदारास इजा नव्हती. इजा असल्यास ती जुनी असावी! मी रात्रभर उत्तर लिहीत बसलो. सकाळी बाकावर शेजारी बसलेले एक वयस्कर वकील हसून म्हणाले, गुरुजी, हा मजकूर सगळ्यांना असाच येतो, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. न्यायाधीश साहेब समजूतदार होते. चुकलो की थांबवून सांगायचे, हे सरतपासाच्या (आपल्या बाजूच्या जबाबाच्या) प्रतिज्ञापत्रात लिहा, यासाठी नुसती पुरसीस (छोटी लेखी नोंद) द्या. शेवटी राष्ट्रीय लोकअदालतीत ८५ हजारांवर मिटलं. सगळे माझ्या खात्यात आले.

एवढंच लक्षात ठेवा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. तिथे गर्दी असते, घाई असते, सगळे सही करा म्हणतात. आकडा घरून ठरवून जा.

रोजनामा (सोलापूर)

मी जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क होतो, नोकरीचा बराच काळ अपघात दाव्यांच्या कोर्टात गेला. वकील नाही, कुणाचा दलालही नाही. गुरुजींनी केलं ते उत्तम केलं, पण ताई, त्यांचं प्रकरण आणि तुमचं एका जातीचं नाही. त्यांचं हाड जुळलं आणि ते पुन्हा फळ्यावर लिहू लागले. तुमचा धंदाच त्या मनगटावर आहे.

वकील लावावा की नाही हा प्रश्न लोक आधी विचारतात आणि दावा कितीचा आहे हे नंतर. मी म्हणतो आधी आकडा काढा. तुमच्यापुरता काढून दाखवतो.

मोटार वाहन कायद्यात कलम १६४ म्हणून एक सोपी वाट आहे. चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला ठरावीक अडीच लाख. हाड मोडणं कायद्याने गंभीर दुखापतच असते. म्हणजे ६० हजार घेऊन तुमच्या दारात आलेला माणूस तुमची थट्टा करून गेला. ही वाट एकटा माणूस चालू शकतो. पण त्यात एक मेख आहे. कलम १६४ खालची रक्कम तुम्ही स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, दावा संपतो. दोन्ही हातांत लाडू नाहीत.

आता १६६ चा हिशेब. उत्पन्न १५ हजार धरू. तुम्ही स्वतःचा व्यवसाय करता आणि वय ४० च्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं. झाले २१ हजार, वर्षाचे २ लाख ५२ हजार. वय ३८ ला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १५. तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातला. गुणाकार ३७ लाख ८० हजार. याच्या किती टक्के तुम्हाला मिळणार, सगळी लढाई तिथे आहे. कोर्टाने तुमची कमाईची ताकद १० टक्के गेली असं धरलं तर ३ लाख ७८ हजार. २५ टक्के धरलं तर ९ लाख ४५ हजार. औषधोपचार, बसून काढलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई, वेदना, प्लेट काढायचा पुढचा खर्च हे सगळं याच्या वर. शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज.

डॉक्टरांचे २२ टक्के हे हाताचे असतात, अख्ख्या शरीराचे नव्हेत, आणि कमाईचे तर मुळीच नव्हेत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट उलगडून सांगितलं आहे. इजा किती हे डॉक्टर सांगतील, त्या इजेने या माणसाच्या या कामातली कमाई किती बुडाली हे न्यायाधिकरण, म्हणजे अपघात दाव्यांचं कोर्ट, ठरवेल. मनगट तेच, टक्के तेच, पण रोखपालाचं नुकसान वेगळं आणि आरी वर्क करणाऱ्या बाईचं वेगळं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उजवा हात गमावलेल्या एका डेटा एंट्री करणाऱ्या तरुणाची कमाईची हानी ६५ टक्के धरली, कारण त्याचं पोट बोटांवर होतं. तुमचंही बोटांवरच आहे, पण ते कोर्टाला आपोआप दिसत नाही, दाखवावं लागतं.

दाखवायचं म्हणजे डॉक्टरांना साक्षीला आणायचं. नुसता दाखला फाईलला लावला की झालं असं समजणारे अर्जदार मी खूप पाहिले. विमा कंपनीचे वकील उभे राहतात आणि शांतपणे विचारतात, डॉक्टर, ही टक्केवारी संपूर्ण शरीराची का? डॉक्टर खरं सांगतात, नाही, त्या अवयवाची. पेशंट दुसरं काही काम करू शकेल? करू शकेल. बसा. पाच मिनिटांत लाखाचे हजार झालेले असतात. हीच डॉक्टरांची साक्ष नीट घेणारा वकील विचारतो, मनगट किती अंशात फिरतं? बारीक सुई चिमटीत धरून तासभर फिरवणं या पेशंटला शक्य आहे का? पुढे सुधारेल का? हे प्रश्न तुमच्या भाच्याला मोबाइलवर मिळतीलही. पण उत्तर वाकडं आलं की पुढचा प्रश्न काय, हे उभ्याउभ्या सुचावं लागतं. तुमचा उलटतपासही होणार. तेव्हा तुम्ही साक्षीच्या पिंजऱ्यात आणि तुमची बाजू सांभाळणारं बाहेर कुणी नाही.

दुसरी जागा उत्पन्नाची. रिटर्न नाही म्हणून घाबरू नका, पण पुरावा नसला तर कोर्ट किमान वेतनाच्या आसपास कुठेतरी अंदाजाने धरतं. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वह्या असतील ना? त्यात नाव, तारीख, शिलाई लिहिलेली असते. फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी, बचत गटाच्या कर्जाचा हप्ता, उद्यम नोंदणी असेल तर ती, मशीनच्या खरेदीची पावती. दोन जुन्या गिऱ्हाईक बायका साक्षीला आल्या तर उत्तम. मिस्टरांना पगार आहे म्हणून तुमची कमाई जोडधंदा आहे, असा सूर विमा कंपनी लावेल. मला तो सूर ऐकून ऐकून वीट आला होता.

मिस्टरांच्या निम्म्या चुकीचं जे सांगितलं ते तर सरळ फसवणं आहे. तुम्ही मागे बसला होता. मिस्टरांची चूक असली तरी ती तुमची होत नाही. दोन गाड्यांच्या चुकीत तिसऱ्याला इजा झाली तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी एकाकडूनही मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. मेडिक्लेमचंही तसंच. तुम्ही हप्ते भरले, तो तुमचा वेगळा करार. ती रक्कम भरपाईतून वजा करायची नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा मार्च २०२५ चा निकाल आहे. बिलाचे सगळे १ लाख ४६ हजार मागा.

तेव्हा माझं मत, या प्रकरणाला वकील हवा. पण दवाखान्यात आलेला नको. महिलांना उत्पन्नाची कुठलीही अट न घालता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती बसते, साधा अर्ज आणि आधार कार्ड घेऊन जा. हे बायकांना कुणी सांगतच नाही.

आणि ही सगळी चर्चा करताना घड्याळाकडे लक्ष ठेवा. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण आपला अर्ज त्या भरवशावर ठेवू नये. पोलिसांनी न्यायाधिकरणाला पाठवायचा सविस्तर अपघात अहवाल हाच अर्ज म्हणून धरता येतो, कायदा तसं म्हणतो. प्रत्यक्षात तो वेळेवर गेला का हे ठाण्यात जाऊन विचारा, गृहीत धरू नका. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. हात स्थिरावल्यावर सिव्हिल हॉस्पिटलमधून दाखला घ्या आणि नंतर दाखल करा.

काळा कोट (लातूर)

मी वकील आहे, अपघात दावे चालवतो. रोजनामा काकांशी बव्हंशी सहमत. निकालावर टक्केवारी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, हे खरंच. पण नाण्याची दुसरी बाजू कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. हातावर पोट असलेला पेशंट येतो तेव्हा त्याच्याकडे नकलांचेही पैसे नसतात. पोलीस कागद, समन्स, डॉक्टरांचा साक्षीभत्ता, झेरॉक्स, बेलिफाच्या मागे फिरणं हे वर्षानुवर्षं वकील स्वतःच्या खिशातून करतो. फी आधी मागितली तर निम्मे लोक दावाच लावणार नाहीत. टक्केवारी चुकीचीच, पण ती नुसत्या हावरेपणातून आलेली नाही.

ताई, मोफत वकील घेतला तरी एक विचारून घ्या, अपघात दावे चालवता का? पॅनेलवर जमिनीचे आणि घटस्फोटाचे दावे करणारे चांगले वकीलही असतात. हे काम न करणारा आला तर बदलून मागता येतो. खासगी घेतलात तर ठरावीक फी, टप्प्याटप्प्याने, आणि कागदावर. वकीलपत्र पूर्ण भरलेलं असल्याशिवाय सही नाही. अर्जाची एक प्रत घरी ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर केस नंबर टाकलात की पुढची तारीख दिसते, वकिलाच्या फोनची वाट बघायला नको.

पिकअपचालकाचं लायसन त्या प्रकारच्या गाडीचं होतं का, तेही बघावं लागेल. नसेल तर विमा कंपनी हात वर करते. अशा वेळी तुम्हाला आधी पैसे द्यायला लावून कंपनीने ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश मागायचा असतो. हा मुद्दा एकट्याने चालवणाऱ्यांच्या हातून हमखास सुटतो.

रोजनामा (सोलापूर)

वकीलसाहेब, खिशातून खर्च करणारे वकील मी पाहिले आहेत आणि भरपाईचा चेक आला त्या दिवशी अर्जदाराला बँकेत धरून नेणारेही पाहिले आहेत. दुसऱ्यांची संख्या कमी नव्हती. आता बरं झालंय, रक्कम थेट दावेदाराच्या खात्यात वळती करावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुन्हा बजावलं आहे. ताई, अर्जासोबत स्वतःच्या एकट्याच्या नावाच्या खात्याचा तपशील द्या. जॉइंट नको, मिस्टर कितीही चांगले असले तरी.

सुईदोरा (पंढरपूर)

सगळ्यांचे आभार. अडीच लाखांचं कलम आणि मोफत वकिलाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. काल भाच्याला घेऊन कोर्टात गेले, विधी सेवा समितीत फॉर्म दिला. तिथल्या बाईंनी बसवून पाणी दिलं, बरं वाटलं. भाचा जरा नाराज आहे. त्याला मी म्हटलं, तू कागदांची यादी कर, वकील तोंड चालवतील.

दोन शंका आहेत काका. मापाच्या वह्या माझ्याकडे आहेत, पण त्यांत ‘कुलकर्णी काकू – पैठणी ब्लाउज, मागे गाठ, ६५०’ असं पेन्सिलीने लिहिलेलं आहे. काही पानांवर माझ्या मुलीने चित्रं काढली आहेत. अशा वह्या कोर्टात चालतात का? आणि डॉक्टर म्हणाले, कोर्टात यायला मला वेळ नाही, दाखल्यावरच काय ते बघा. मग काय करायचं?

रोजनामा (सोलापूर)

वह्या आहेत तशाच द्या. पेन्सिल शाईने गिरवू नका, चित्रं खोडू नका, नवीन वहीत स्वच्छ उतरवून काढू नका. रोजच्या वापरातली वही मळलेलीच असते आणि ती खरी वाटते. कोऱ्या करकरीत वहीवर विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल, ही कधी लिहिली? मूळ वह्या देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि यादीसोबत दाखल करून निशाणी नंबर (कोर्ट कागदाला देतं तो क्रमांक) लिहून घ्या. कुलकर्णी काकू साक्षीला आल्या तर सोन्याहून पिवळं.

डॉक्टरांचं म्हणाल तर समन्स निघालं की ते येतात, न येऊन सांगतात कुणाला. पण आधी वकिलांना त्यांच्याकडे पाठवा, सोयीची तारीख आणि वेळ विचारून घ्या, आणि आल्या आल्या त्यांची साक्ष घ्यावी अशी कोर्टाला विनंती करा. डॉक्टरांना ताटकळत ठेवू नये, असं राजकुमार निकालातच न्यायाधिकरणांना सांगितलेलं आहे. अगदीच अडलं तर कमिशनरमार्फत दवाखान्यात साक्ष नोंदवून घेण्याचा अर्ज करता येतो. त्यांना सांगा, एक्स-रे आणि ऑपरेशनच्या नोंदी सोबत आणा, नाहीतर दुसरी तारीख पडेल.